थकलेली पाणीपट्टी आणि तोडलेला नळ

तहानलेल्यास पाणी नाकारूं नये, हा संस्कार आपल्या घरांतून बाळपणींच होतो. परंतु पाणी नळानें घरांत येऊं लागलें कीं त्याला पट्टी लागते. आणि पट्टी थकल्यास नळ तोडावा काय, हा प्रश्न केवळ धर्माचा न राहतां कायद्याचा होतो. इंग्लंडला या प्रश्नाचा निकाल लावण्यास जवळजवळ चार शतकें लागलीं.

इ. स. १६१३ मध्यें ह्यू मिडल्टन यानें हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचें पाणी 'न्यू रिव्हर' नांवाच्या कालव्यानें लंडनच्या वेशीपाशीं आणलें. निम्मा खर्च राजा पहिल्या जेम्सनें उचलला, पण निम्म्या नफ्याच्या बोलीवर. तेव्हांपासून पाणी हा भागीदारीचा धंदा झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनचें पाणी आठ खासगी कंपन्यांच्या हातीं होतें.

गरिबांच्या वस्तींत पट्टी पुष्कळदां घरमालकानें भरावयाची असे. त्यानें ती बुडविली कीं कंपनी नळ तोडी, आणि घडा मात्र कोरडा पडे भाडेकरूचा. अपराध एकाचा, शासन दुसऱ्यास! १८८७ च्या कायद्यानें हा अन्याय थांबविला. पट्टी मालकानें द्यावयाची असेल तेथें नळ तोडतां येणार नाहीं. थकबाकीचा बोजा घरावर चढेल, असें ठरलें. पुढें १९०४ सालीं या कंपन्यांचा कारभार एका सार्वजनिक मंडळाकडे आला. तरी स्वतःची पट्टी थकविणाऱ्या कुटुंबाचा नळ तोडण्याचा अधिकार कायमच राहिला.

१९८९ सालीं इंग्लंड व वेल्समधील दहा सार्वजनिक जलसंस्था भाग विकून खासगी करण्यांत आल्या. १९९१-९२ या एका वर्षांत वीस हजारांहून अधिक घरांचें पाणी थकबाकीपायीं बंद झालें. कांहीं कंपन्यांनीं आगाऊ पैसे संपतांच पाणी आपोआप बंद करणारीं यंत्रें बसविलीं. १९९८ सालीं न्यायालयानें तींहि बेकायदा ठरविलीं. अखेर १९९९ च्या कायद्यानें थकबाकीसाठीं राहत्या घराचें पाणी तोडण्यास साफ मनाई केली.

यावर आक्षेप असा कीं, बुडव्यांचा भार प्रामाणिक ग्राहकांवर पडतो. हा आक्षेप खोटा नव्हे. पण पैसे वसूल करण्यास न्यायालयाचा मार्ग कंपन्यांना मोकळाच राहिला. उलट नळ तुटलेल्या घरांत मूल धुतलें जात नाहीं, शौचकूप साफ होत नाहीं. आणि तेथें उद्भवलेली रोगराई शेजाऱ्याची पावती पाहून त्याचें दार टाळीत नाहीं.

ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, १९९९ च्या कायद्यानें कंपन्यांची मालकी काढून घेतली नाहीं. काढून घेतला तो फक्त एक अधिकार. सार्वजनिक मंडळाच्या हातीं असतांनाहि जो अधिकार टिकला, तो खासगी मालकीच्या काळांत गेला. मालकी कोणाची, हा वाद विद्वानांनीं अवश्य चालवावा. परंतु मालक कोणीहि असो, त्याच्या हातीं काय असूं नये, हें समाजानें आधीं ठरविलें पाहिजे.