ससाण्याच्या छातीवरचं साल

आज जुन्या मनगटी घड्याळाची एक गोष्ट. तिच्यात आपण राहतो त्या देशाचा थोडा इतिहासही आहे.

१९७०च्या दशकात आखाती देशांची सरकारं स्विस घड्याळांच्या डायलवर आपलं राजचिन्ह छापून घेत आणि ती घड्याळं भेट देत. यूएईचं चिन्ह म्हणजे सोनेरी ससाणा. असं घड्याळ आज त्याच मॉडेलच्या साध्या घड्याळापेक्षा खूप महाग विकलं जातं. फरक फक्त डायलचा, म्हणून लबाडीही तिथेच होते. घड्याळ जुनं, आतली मशीन अस्सल, ससाणा मात्र कालचा.

बाबांच्या पंच्याहत्तरीला मी असंच एक ऑनलाइन घेतलं. विक्रेत्याने साल लिहिलं होतं १९७५. बाबा १९७६ साली दुबईत आलेले. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "अरे, आमच्या वेळी ससाण्याच्या छातीवर ढाऊ होती, शिडाचं जहाज. हा झेंडा कुठून आला?"

बाबांचं बरोबर होतं. २ डिसेंबर १९७१ला देश स्थापन झाला आणि १९७३मध्ये हे चिन्ह आलं. २००८मध्ये ढाऊ जाऊन तिथे झेंडा आणि त्याभोवती सात तारे आले. म्हणजे १९७५च्या डायलवर झेंडा असूच शकत नाही. एमबीए करून, रोज दुसऱ्यांच्या सिस्टीम तपासणारा मी, ही एक तारीख तपासायला विसरलो. पैसे गेलेच.

तुम्ही घेणार असाल तर आधी डायलचा जवळून, सरळ उजेडात काढलेला फोटो मागा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या आहेत का, मिनिटांच्या रेघा समान आहेत का, पाहा. सहाच्या आकड्याखाली 'टी स्विस टी' असेल, तर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम आहे. त्याचा जोर सुमारे १२ वर्षांत निम्मा होतो. पन्नास वर्षांचा डायल अंधारात लखलखत असेल, तर तो रंग नंतर भरलेला आहे. केसवर ओरखडे आणि डायल कोरा करकरीत, हेही संशयाचंच.

आपल्या एचएमटीचंही हेच. ऑनलाइन दिसणारे भडक रंगांचे कितीतरी डायल भारतात नव्याने रंगवलेले असतात. रंगवणं हा गुन्हा नाही, पण ते लपवून 'ओरिजिनल' म्हणून विकणं ही फसवणूक.

बाबांच्या स्वतःच्या एचएमटीचा डायल डागाळलाय. करामातल्या घड्याळजीने विचारलं, "नवा करून देऊ?" मी म्हटलं, "नको, फक्त तेलपाणी करा." ते डाग बाबांच्या इथल्या पन्नास उन्हाळ्यांचे आहेत.

तुमच्या घरी असं एखादं घड्याळ असेल, तर आज ते बाहेर काढा आणि कुणाचं, कधीचं, हे मुलांना सांगा. भेटू पुढच्या भागात.