पैसे पोचवण्याचा खर्च

नोट मधोमध कापायची, अर्धा तुकडा आजच्या टपालाने धाडायचा आणि तो पोचल्याचं पत्र आलं की उरलेला अर्धा रवाना करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परगावी पैसे पाठवण्याची ही हिंदुस्थानातली सर्वमान्य रीत होती. वाटेत कुणी पाकीट फोडलं तरी अर्ध्या नोटेचा त्याला उपयोग नसे. १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी चलन सुरू झालं खरं, पण देशाचे विभाग पाडले होते आणि ज्या विभागाची नोट त्याच विभागाच्या कचेरीत तिचे रोख रुपये मागण्याचा हक्क होता. मुंबईची नोट कलकत्त्याला गेली की सराफ तिच्यावर कसर कापून घेई. दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा देशभर सारख्या चालू लागल्या त्या १९१० आणि १९११ मध्ये. म्हणजे वरवर पाहता दोन पाकिटांच्या टपालखर्चात होणाऱ्या या व्यवहाराची खरी किंमत वेगळीच होती. दोन फेऱ्यांचा वेळ, मधल्या दिवसांची धाकधूक आणि शेवटी सराफाची कसर. यातली कसर तर पूर्णपणे घेणाऱ्याच्या माथी येई. पैसे पाठवण्याच्या साधनांची तुलना करताना आपण आजही पाठवणाऱ्याला पडणारं शुल्क तेवढं पाहतो. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा हिशेब घेणाऱ्याच्या हातात रोकड पडेपर्यंत केला पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्याआधीची व्यवस्था हुंडीची. पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरायची, त्याने काशीच्या किंवा इंदूरच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यायची आणि तिथे ती वटवायची. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत, त्यामुळे चोराच्या हाती ती लागली तरी वटत नसे. हुंडी हरवली तर तिची पेठ लिहून मिळे, पेठही गहाळ झाली तर परपेठ. या सगळ्याबद्दल सावकार हुंडणावळ घेई आणि तिचा दर दोन शहरांमध्ये पैशाचा ओघ कुणीकडे आहे यावर ठरे. पुण्याच्या पेढीचे पैसे काशीत पडून असतील तर काशीची हुंडी स्वस्त, नसतील तर महाग. ही व्यवस्था इतकी भक्कम होती की १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतल्या हुंड्यांना त्यांच्या स्थानिक रिवाजावर सोडून दिलं. पण ती पेठेपुरती होती. पत असलेल्याने पत असलेल्याला पैसे पाठवावेत, मोठी रक्कम पाठवावी आणि घेणारा शहरात राहणारा असावा, तरच तिचं गणित जमे. पाच-सात रुपये राजापूरच्या एखाद्या वाडीवर धाडायचे असतील तर कुठलाच सावकार त्यासाठी लेखणी उचलणार नव्हता.

मुंबईत मात्र अशाच रकमांचा डोंगर उभा राहत होता. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या दशकांत कोकणातून, घाटावरून माणसं गिरणगावात येत गेली. बायका-मुलं गावी, शेत गावी, कर्ज गावी आणि पगार मुंबईत. हा पगार गावाकडे जायचा कसा? गावचा कुणी बोटीने निघाला की त्याच्या हाती द्यायचा, हाच बहुतेकांचा मार्ग होता. १८६२ पासून सरकारी खजिन्यामार्फत मनीऑर्डर करता येई, पण खजिने देशभरात काहीशेच, आणि घेणाऱ्याने स्वतः तिथवर जायचं. १ जानेवारी १८८० रोजी हे काम टपाल खात्याकडे आलं आणि काहीशे खजिन्यांच्या जागी हजारो टपाल कचेऱ्या उभ्या राहिल्या. पुढे पोस्टमन घरी येऊन रक्कम देऊ लागला. माझ्या दृष्टीने खरी क्रांती ती. घेणाऱ्याने खजिन्याकडे जायचं बंद झालं, खजिनाच त्याच्या दारी येऊ लागला.

मनीऑर्डरचा फॉर्म नीट पाहिला तर तो किती विचाराने बांधला होता हे कळतं. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोघांचे पत्ते, घेणाऱ्याच्या सहीची जागा. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदार. एक भाग पोच म्हणून पाठवणाऱ्याकडे परत जाई. खालचं कूपन फाडून घेणाऱ्याला मिळे आणि त्यावर चार ओळी लिहायची मुभा असे. बियाण्याला किती, वाण्याचे किती, म्हातारीच्या औषधाला किती, ही घरची अंदाजपत्रकं त्या बोटभर जागेत लिहिली गेली. घेणाऱ्याला अक्षरओळख नको, बँकेत खातं नको, तालुक्याची वारी नको. गाव त्याला ओळखत असलं की पुरे. रत्नागिरीला ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हटलं गेलं ते उगाच नाही. २०११ च्या जनगणनेतही त्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष बाहेर आणि घर-शेत सांभाळणाऱ्या बायका मागे, ही रचना मनीऑर्डरच्या आधाराने पिढ्यान्पिढ्या टिकली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, तेव्हा कोकणातल्या चुली मुंबईच्या साच्यांवर किती अवलंबून होत्या ते उघडं पडलं.

मनीऑर्डर महाग होती, हा आक्षेप खराच आहे. शेवटच्या काळात वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडे, म्हणजे शेकडा पाच. श्रीमंताचा बँक ड्राफ्ट याच्या मानाने कितीतरी स्वस्त होता आणि गरिबाने जास्त दर मोजावा यात अन्याय होताच. शिवाय पावसाळ्यात मनीऑर्डर रखडे, काही ठिकाणी पोस्टमनचं चहापाणी करावं लागे आणि कुणाला किती आले ते साऱ्या वाडीला कळे. हे सगळं मान्य करूनही ड्राफ्टशी तुलना करताना एक गोष्ट सुटते. पाचशे रुपयांवरच्या पंचवीस रुपयांत खिडकीवरचा कारकून, टपालाची वाहतूक, पोस्टमनची डोंगर चढून केलेली पायपीट आणि परत आलेली पोच एवढं सगळं आलं होतं. ड्राफ्टचं शुल्क कमी होतं, कारण यातलं शेवटचं आणि सर्वांत अवघड काम त्याने केलंच नव्हतं. ते घेणाऱ्यावर टाकलं होतं. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, खातं उघडायला लागणारा ओळखीचा माणूस आणि परगावचा चेक असेल तर तो वटेपर्यंतचे दोन-तीन आठवडे हे बँकेच्या दरपत्रकात कुठेच दिसत नसे.

संगणकाने बँकांमधलं अंतर पुसलं. मार्च २००४ मध्ये मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस आलं, २००५ च्या नोव्हेंबरात एनईएफटी, २०१० मध्ये क्षणात पैसे पोचवणारं आयएमपीएस. दहा हजारांपर्यंतच्या एनईएफटीला अडीच रुपये आणि वर कर, एवढंच शुल्क असे. पण सुट्टीच्या दिवशी ते बंद असे. १६ डिसेंबर २०१९ पासून ते चोवीस तास चालू झालं आणि जानेवारी २०२० पासून बचत खातेदारांना ऑनलाइन एनईएफटी मोफत झालं. तोवर, एप्रिल २०१६ मध्ये, यूपीआय येऊन पोचलं होतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय घेणाऱ्या दुकानदारावरही शुल्क लावायचं नाही असं सरकारने ठरवलं. आज महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार या मार्गाने होतात.

शुल्क शून्य झालं, खर्च मात्र शून्य झालेला नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेल्या चर्चापत्रात दुकानातल्या ८०० रुपयांच्या एका यूपीआय व्यवहारामागे सगळ्या घटकांचा मिळून सुमारे २ रुपये खर्च धरला आहे. तो बँका सोसतात आणि काही वाटा सरकार उचलतं. २०२१-२२ साठी १,३०० कोटी आणि २०२२-२३ साठी २,६०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना केंद्राने मंजूर केली होती. म्हणजे ही सेवा करदाता पोसतो. मला त्यात गैर वाटत नाही. रस्ता सर्वांनी मिळून बांधावा तसाच हा रस्ता आहे. पण तो सार्वजनिक पैशातून बांधला असेल तर तो कुठल्या दारापर्यंत जातो, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

यावर कुणी म्हणेल की यूपीआयचा सर्वांत मोठा लाभ घेणाऱ्यालाच झाला. भाजीवाली, रिक्षावाला, केळीवाला यांच्याकडे कार्डाचं यंत्र कधीच आलं नसतं. कागदावर छापलेल्या एका चौकोनाने त्यांना सुट्ट्या पैशांच्या कटकटीतून सोडवलं. गावी राहणाऱ्या आईला मुंबईच्या मुलाचे पैसे भर रात्री, दवाखान्याच्या दारात मिळू शकतात. मनीऑर्डरच्या सुवर्णकाळात तारेने धाडलेले पैसेही इतके झटपट पोचत नव्हते. हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. पण तो लागू पडतो तो फोन, खातं, रेंज आणि मोबाइलवर येणारे संदेश वाचण्याचं बळ असलेल्या घेणाऱ्याला, आणि मिळालेले पैसे मोबाइलवरूनच खर्चता येतील अशा बाजारात. ज्याला रोकड लागते त्याच्यासाठी शेवटचं अंतर आजही ड्राफ्टच्या काळाइतकंच लांब आहे.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण पुरेसं आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये २०२३ च्या वाढीनंतर लाभार्थीच्या खात्यात जमा होतात. सरकारला ते पाठवायला जवळपास काही पडत नाही आणि लाभार्थीकडूनही कुणी शुल्क घेत नाही. मधला गळती करणारा हातही टळतो, ही मोठी मिळकत आहे. जुन्या दराने याच रकमेच्या मनीऑर्डरला ७५ रुपये कमिशन पडलं असतं. आता वाडीवरच्या म्हातारीने पैसे काढायला तालुक्याला जायचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, पण वाडीपासून थांब्यापर्यंत एसटी येत नाही. तिथे रिक्षा लागते, सोबतीला नातू लागतो आणि त्याचा रोज बुडतो. हा खर्च ७५ च्या वर जायला वेळ लागत नाही. पूर्वी पाठवणारा जे मोजत होता ते आता ती मोजते.

यावर उपाय शोधत बसायला नको, तो हाताशी आहे. १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन यंत्र घेऊन दारी जातो आणि आधारच्या अंगठ्यावर कुठल्याही बँकेच्या खात्यातले पैसे रोख देऊ शकतो. सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजीच बँकांना सांगितलं आहे. यूपीआयसाठी हजारो कोटी देणाऱ्या सरकारने निराधारांचं अनुदान घेणाऱ्यांना तरी ही सेवा दरमहा, विनाशुल्क आणि हक्काने द्यावी. ग्रामसभेत हा ठराव आणणं आपल्या हातात आहे.