लाल दीर्घिकांचा दाट गाभा

विश्व सुमारे तीन अब्ज वर्षांचे होते, तेव्हाच काही दीर्घिकांमधील ताऱ्यांची निर्मिती थांबली होती. अल्पायुषी निळे तारे विझले आणि दीर्घायुषी तांबूस तारे तेवढे उरले. पीटर व्हॅन डोक्कुम यांच्या गटाने २००८ मध्ये हबल दुर्बिणीच्या साह्याने अशा नऊ दीर्घिका मोजल्या. त्यांचे वस्तुमान सर्वसाधारणपणे १०० अब्ज सूर्यांहून अधिक. तरीही निम्मा प्रकाश जेमतेम ३,००० प्रकाशवर्षे त्रिज्येत एकवटलेला. तेवढ्याच वस्तुमानाच्या आजच्या लंबवर्तुळाकार दीर्घिका सुमारे पाचपट मोठ्या आहेत. मग वायू संपलेल्या या दीर्घिका वाढल्या कशा?

याचे मुख्य उत्तर छोट्या दीर्घिकांच्या विलीनीकरणात आहे, असे मानले जाते. दोन तुल्यबळ दीर्घिका एकत्र आल्यास वस्तुमान आणि आकार साधारण सारख्याच प्रमाणात वाढतात. छोटी दीर्घिका सामावली गेली, तर तिचे तारे बाह्य भागात विखुरतात. वस्तुमान थोडेच वाढते, विस्तार मात्र पुष्कळ. मूळचा दाट गाभा आत तसाच राहतो. उशिरा थंडावलेल्या, मुळातच मोठ्या दीर्घिकांची भर पडल्यानेही सरासरी आकार वाढला.

या वाढीतून सुटलेला नमुना म्हणजे ययाती दीर्घिकासमूहातील, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूरची एनजीसी १२७७. विलीनीकरणातून येणारे निळसर गोलाकार तारकागुच्छ तेथे जवळजवळ नाहीत, असे २०१८ मध्ये हबलच्या निरीक्षणांतून दिसले. त्यामुळे अतिदूरच्या, अंधूक दीर्घिकांचे मूळ रूप तुलनेने जवळून अभ्यासता येते.