लांगरीमामा आणि कॅप्टन कुक

माझे मामा लष्करात लांगरी होते, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करणारे. सुट्टीवर गावी आले की ओसरीवर बसून भटारखान्यातल्या गोष्टी सांगत. "मटणाच्या दिवशी पोरं रांग मोडतात, आणि दुधीच्या दिवशी ताटं तशीच परत येतात. मग मी लसणाची झणझणीत फोडणी देतो. भाजी तीच, पण पातेलं रिकामं!" आम्ही हसायचो. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळलं, की मामांच्या या युक्तीवर एकेकाळी माणसांचे प्राण अवलंबून होते.

श्रोतेहो, ही गोष्ट अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमाराची आहे. जहाजं महिनोन्‌महिने समुद्रावर असत. खायला काय, तर खारवलेलं मांस, वाळके वाटाणे आणि दगडासारखी बिस्किटं. ताज्या पाल्याचं दर्शनही नाही. मग खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलू लागत, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. १७४० ते १७४४ या काळात कमोडोर जॉर्ज ॲन्सनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या मोहिमेत हजाराहून अधिक माणसं दगावली. लढाईत मेलेले अगदी थोडे. बाकीच्यांना रोगांनी नेलं आणि त्यांत स्कर्व्ही मुख्य होता.

क जीवनसत्त्व हाती लागायला विसावं शतक उजाडावं लागलं. पण ताजा पाला पोटात गेला की रोगी सुधारतो, हे अनुभवाने बऱ्याच जणांना ठाऊक होतं. अडचण होती ती खलाशांच्या जिभेची. खाऱ्या मांसाची सवय लागलेल्या त्या माणसांना दुसरं काही नको असे.

२६ ऑगस्ट १७६८ रोजी जेम्स कुक 'एंडेव्हर' जहाज घेऊन प्लिमथहून निघाला. जहाजावर ९४ माणसं होती. मदिरा बेटावर दोन खलाशांनी ताजं मांस खायला नकार दिला, तेव्हा कुकने दोघांना बारा-बारा फटके मारले. शिस्त राहिली, पण फटके मारून कुणाला गोडी लागत नाही.

जहाजावर ७८६० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक, 'सॉवरक्राउट' होतं. कोबी बारीक चिरून, मीठ लावून आंबवलेला. आपल्या भाषेत कोबीचं आंबट-खारट लोणचंच म्हणा. खलाशांनी नाकं मुरडली. या वेळी मात्र कुकने चाबूक काढला नाही. त्याने ते रोज अधिकाऱ्यांच्या पंगतीत वाढायला लावलं आणि खलाशांना सांगितलं, तुम्हाला हवं तर घ्या, नको तर राहू द्या. साहेब लोक आवडीने खाताहेत म्हटल्यावर चमत्कार झाला. आठवडाभरात मागणी इतकी वाढली, की प्रत्येकाला मोजून वाटा द्यावा लागला! कुकने ही हकीकत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

कुकची दुसरी युक्ती तर थेट मामांच्या फोडणीची. मांसाचा रस्सा आटवून आटवून त्याच्या सरसासारख्या घट्ट वड्या केलेल्या असत. गरम पाण्यात टाकल्या की सूप तयार. जहाज किनाऱ्याला लागलं की कुक माणसांना रानसेलरी आणि इतर खाण्याजोगा पाला खुडून आणायला लावी. सेलरी ही आपल्या कोथिंबिरीच्याच कुळातली. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर हा पाला, ओटची भरड किंवा गहू आणि त्या सुपाच्या वड्या एकत्र शिजवून सकाळच्या न्याहारीला देत. मांसाची ओळखीची चव आली आणि पाला मुकाट पोटात गेला.

यातली गंमत आज आपल्याला कळते. इतका वेळ उकळून आटवलेल्या त्या वड्यांत क जीवनसत्त्व जवळपास नव्हतंच. औषध होतं ते पाल्यात. सूप फक्त त्याला घशाखाली उतरवत होतं. कुकलाही रोगाचं नेमकं कारण उमगलं नव्हतं. माल्टच्या काढ्याला त्याने वाजवीपेक्षा जास्त श्रेय दिलं, आणि आरमारात लिंबाचा रस सररास मिळायला १७९५ साल उजाडलं. पण एंडेव्हरवर स्कर्व्हीने एकही माणूस दगावला नाही, असं मानलं जातं. पुढे बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, हिवताप आणि आमांशाने गाठलं आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्या रोगांपुढे कुठलीच चव कामाला आली नाही.

इतिहासात आपण सेनापती आणि लढाया पाठ करतो. सैन्य पोटावर चालतं, हेही ऐकलेलं असतं. पण पोटाच्या वाटेवर जीभ नावाचा एक पहारेकरी बसलेला असतो. त्याला हुकूम चालत नाही, त्याची मनधरणीच करावी लागते.

मामा आता नाहीत. त्यांना कॅप्टन कुक ठाऊक नव्हता. तो भेटला असता तर मामांनी त्याला एवढंच विचारलं असतं, "साहेब, लसूण घातला होतात का?"