हर्णै ते विजयदुर्ग

हर्णैहून विजयदुर्गला समुद्राच्या कडेकडेने गाडीने जायचं तर दोन दिवस तरी मोकळे काढावेत. किलोमीटर फार नाहीत, पण वाटेत खाड्या आहेत. दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं (तिकडे सगळे तिला जंगलजेटी म्हणतात), धोपाव्याला उतरायचं, गुहागर-हेदवी करत तवसाळला यायचं, पुन्हा बोट, की जयगड. आम्ही दोघं या हिवाळ्यात निवांत गेलो. एप्रिल १७५५ ते फेब्रुवारी १७५६ या दहा महिन्यांत याच किनाऱ्यावर तुळाजी आंग्र्यांचं राज्य संपलं. सुरुवात हर्णैला झाली आणि शेवट विजयदुर्गाला.

आमच्या घरात हा विषय नाजूक आहे. नवरा अलिबागचा, माझं माहेर देवगड तालुक्यातलं. कान्होजी १७२९ मध्ये गेले, मुलांमध्ये भांडणं लागली आणि शेवटी मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाला अशी वाटणी झाली. संभाजीनंतर तुळाजी आला. मानाजी पेशव्यांच्या बाजूचा, तुळाजी विरुद्ध. म्हणजे आमच्या गाडीत पुढच्या दोन सीटवर आंग्र्यांची दोन्ही घराणी बसली होती म्हणा ना! माझे आजोबा पेशव्यांचं नाव निघालं की पान थुंकायला उठायचे. "आपलंच आरमार इंग्रजांकडून जाळून घेतलंनीत" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो, त्या गलक्यात समोर सुवर्णदुर्ग दिसतो. सकाळी होडीने गेलो. दरवाजात पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवर मारुती, आत नुसतं रान. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तह झाला. दोघांनी मिळून तुळाजीला बुडवायचं, किल्ले पेशव्यांना, बाणकोट इंग्रजांना. कमोडोर विल्यम जेम्सला खरं तर किल्ल्यावर चढाई करायचा हुकूम नव्हता. त्याने समुद्र अडवून धरायचा, एवढंच. पण त्याने जहाजं जवळ नेऊन तोफा डागल्या, आत दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला. पेशव्यांची फौज किनाऱ्यावरून लांबून तोफ उडवत बसली होती, असं रॉबर्ट ऑर्म लिहितो. ऑर्म इंग्रजांचा इतिहासकार, तेव्हा त्यातलं थोडं वजा करायला हरकत नाही.

या जेम्सच्या बायकोने तो गेल्यावर, १७८४ मध्ये, लंडनला शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी मनोरा बांधला. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! तिकडे राहणाऱ्या भावंडांनो, एकदा बघून या आणि फोटो पाठवा.

दाभोळच्या बोटीत आमचा पहिला वाद झाला. खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा किल्ला आहे. तो तुळाजीने १७४५ मध्ये सिद्दीकडून जिंकला आणि त्याचं नाव गोपाळगड ठेवलं. मी म्हटलं, हा माणूस सिद्दीशी लढतो, डचांची जहाजं बुडवतो, इंग्रजांनीही आपलं दस्तक घ्यावं म्हणतो. याला बुडवून पेशव्यांनी काय मिळवलं? नवरा म्हणाला, तो आपल्याच मुलखातल्या व्यापाऱ्यांनाही सोडत नव्हता आणि पेशव्यांचा हुकूम जुमानत नव्हता. मग ज्याच्या हातात राज्य आहे त्याने काय करायचं? धोपावे आलं आणि गाडी काढायची घाई झाली, म्हणून उत्तर राहिलं.

गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड याबद्दल मी काही लिहीत नाही. आरे-वारेच्या वळणावर सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो.

विजयदुर्गाला मात्र अख्खा दिवस घालवला. तीन बाजूंना पाणी, एकाआड एक तट, शेजारी वाघोटणची खाडी. इंग्रज याला घेरिया म्हणत. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचा ताफा आला, त्याच्याबरोबर फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हताच. किल्ला नातलगाच्या हवाली करून तो मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. किल्ला आता परस्पर पेशव्यांच्या हाती जाणार, हे इंग्रजांच्या लक्षात आलं आणि १२ तारखेला त्यांनी मारा सुरू केला. एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. गंमत म्हणजे हे जहाज मुळात कंपनीचं, आंग्र्यांनी पकडून आणलेलं. गुराबा आणि गलबतं एकमेकांना खेटून बांधलेली होती, त्यामुळे आग पसरत गेली आणि सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपापसांत वाटून घेतली, पेशव्यांना त्यातली दमडी दिली नाही. तहाप्रमाणे द्यायचा किल्लासुद्धा ऑक्टोबरमध्ये दुसरा तह करून, बाणकोट आणि आसपासची गावं पक्की पदरात पाडून घेतल्यावरच सोडला. तुळाजी जन्मभर पेशव्यांच्या कैदेत राहिला.

आजोबांचं वाक्य मला आता अर्धंच पटतं. मराठ्यांचं आरमार तिथे संपलं नाही. पुढे आनंदराव धुळपांनी याच विजयदुर्गातून ते चालवलं आणि एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' पकडून आणलं. तुळाजीला आवरायला हवं होतं, हेही मी मान्य करते. पण आवरायला बोलावलं कुणाला? आपल्या समुद्रावर पोलीस म्हणून परक्याला उभं केलं आणि त्याला कळलं की या लोकांना आपली गरज आहे. क्लाइव्ह इथून गेला आणि जून १७५७ मध्ये प्लासीला उभा होता. दोन्ही गोष्टींत दीड वर्षाचंसुद्धा अंतर नाही.

हे सगळं मी तटावर बसून नवऱ्याला ऐकवलं. तो बराच वेळ खाडीकडे बघत होता. मग म्हणाला, "मानाजीने तरी भावाला सांभाळून घ्यायला हवं होतं." अलिबागकराच्या तोंडून हे ऐकायला मला लग्नानंतर एकोणीस वर्षं लागली. संध्याकाळी आम्ही गिर्येला गेलो. तिथे खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आहे, जहाजं दुरुस्तीला घ्यायची. भरती लागली होती. पाणी हळूहळू आत येत होतं आणि दोन पोरं गळ टाकून बसली होती.