चाळीस वर्षं वाट पाहिलेली गाणी

गेल्या काही वेळा आपण गटाचं कर्ज, व्याज, हजेरी यावर बोललो. आज जरा दुसरं. आज गाण्यांचा इतिहास सांगायचा आहे, आणि ती गाणी आहेत स्वीडन देशातली. युरोपच्या पार उत्तरेला हा देश. थंडी कडाक्याची, आणि सगळ्या देशाची मिळून वस्ती आजही एक कोटीच्या जरा वर. आपली एकटी मुंबईसुद्धा त्याहून मोठी भरेल.

एवढ्याशा देशातल्या चौघांच्या बँडचा नवा आल्बम यावा म्हणून जगभरच्या लोकांनी चाळीस वर्षं वाट पाहिली, आणि तो २०२१ साली खरोखर आला. बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरात येते, पण हा तसला नाही. दोन बाया, दोन पुरुष, स्वतःच गाणी रचणारे आणि गाणारे. आणि आल्बम म्हणजे आठ-दहा नव्या गाण्यांचा संच, पूर्वी आपल्याकडे कॅसेट यायची तसा.

बँडचं नाव ॲबा. आपल्या घरातल्या आबांशी त्याचा काही संबंध नाही. आग्नेता, ब्यॉर्न, बेनी आणि आनी-फ्रीड या चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ते झालं. गंमत अशी की याच नावाची एक मासे डब्यात भरून विकणारी कंपनी स्वीडनमध्ये आधीपासून होती. तिला विचारून मग नाव ठेवलं. कोकणातल्या मैत्रिणींना हे वाचून हसू येईल.

यातल्या दोघी बायांची गोष्ट आधी सांगतो, कारण आम्हांला तीच जास्त जवळची वाटली.

आनी-फ्रीड, तिला सगळे फ्रीडा म्हणतात, ती जन्मली नॉर्वेत, नोव्हेंबर १९४५ मध्ये. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आई नॉर्वेची, लग्न झालेलं नव्हतं, आणि बाप जर्मन शिपाई. नॉर्वेवर पाच वर्षं जर्मनांचा ताबा होता. ते गेल्यावर अशा आयांचे आणि त्यांच्या लेकरांचे लोकांनी फार हाल केले. बोलणी, बहिष्कार, सगळं. आजीनं विचार केला असेल की इथं या पोरीला कोणी जगू देणार नाही. तिनं नात उचलली आणि शेजारच्या स्वीडनमध्ये आली. मागून आई आली, पण थोड्याच काळात आजारी पडून वारली, अवघ्या एकविसाव्या वर्षी. मग आजीनं लोकांचं शिवणकाम करून नातीला वाढवलं. आपल्या गटांत अशा किती आज्या आहेत, ते आम्ही सांगायला नको.

फ्रीडा तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून नाचगाण्याच्या कार्यक्रमांत गायची. लवकर लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी गाणं चालू. ३ सप्टेंबर १९६७ रोजी तिनं एक गायनस्पर्धा जिंकली. नेमका त्याच दिवशी स्वीडननं रस्त्याची डावी बाजू सोडून उजव्या बाजूनं गाड्या चालवायला सुरुवात केली होती. घोटाळा नको म्हणून लोकांना घरीच बसायला सांगितलेलं. त्यामुळं अर्धा देश टीव्हीपुढं, आणि संध्याकाळी टीव्हीवर कोण, तर ही फ्रीडा! नशीब असावं तर असं.

दुसरी आग्नेता. ती एका मोटारगाड्यांच्या कंपनीत टेलिफोनवर बसायची आणि रात्री गायची. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी तिनं स्वतः रचलेलं गाणं स्वीडनमध्ये पहिल्या नंबरला पोचलं. पुढं तिनं ब्यॉर्नशी लग्न केलं. फ्रीडाची जोडी बेनीशी जमली. ब्यॉर्न आणि बेनी गाणी रचायचे आणि या दोघी गायच्या.

६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात युरोपच्या देशांची गाण्याची मोठी स्पर्धा झाली. ती ॲबानं जिंकली आणि तिथून पुढची सात-आठ वर्षं जगभर त्यांचीच गाणी. ऑस्ट्रेलियात त्यांचं एक गाणं सलग चौदा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मार्च १९७७ मध्ये ते तिथं गेले तेव्हा सिडनीत पाऊस लागला होता. लोक भिजत उभे राहिले, ओल्या रंगमंचावर फ्रीडा घसरून पडली, उठली, आणि गाणं पुढं चालू. आपल्याकडंही ते सूर पोचले होते. १९७७ च्याच ‘हम किसीसे कम नहीं’ सिनेमात आर. डी. बर्मन यांनी ॲबाच्या ‘मम्मा मिया’ची चाल घेऊन गाणं केलं आणि त्यात आपल्या आशाताईंचा आवाज आहे. म्हणजे तुमच्यातल्या मोठ्या बायांनी ॲबाची चाल नाव माहीत नसताना ऐकलेली असणार.

पण कौतुक झालं तसं हसंही झालं. त्यांच्या स्वतःच्या देशातच. शहाणी मंडळी म्हणायची, ही कसली गाणी, नुसती पैशासाठी केलेली, पोरीबाळींना नाचायला. १९७५ मध्ये गाण्याची ती मोठी स्पर्धा स्वीडनमध्ये भरली, तर तिच्या विरोधात काही संगीतकारांनी वेगळा कार्यक्रमच भरवला. त्यांचं सगळंच चूक होतं असं आम्ही म्हणत नाही, गाण्याच्या धंद्यावर बोलायलाच हवं. पण त्या टोमण्यांत ‘पोरीबाळींना आवडतं’ हे शब्द का आले, ते आम्हांला खटकतं. बायकांना काही आवडलं की त्याला वेड म्हणतात. पारावर बसून कोणी चाळीस वर्षांपूर्वीच्या क्रिकेटच्या धावा सांगितल्या तर त्याला माहिती म्हणतात.

आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा कधीकधी सहज विचारतो, ताई, तुम्हांला काय आवडतं? बाई म्हणते, धाकट्याला पुरणपोळी आवडते, ह्यांना पिठलं आवडतं. आम्ही पुन्हा विचारतो, अहो, तुम्हांला? मग ती गप्प बसते आणि हसते. बैठकीच्या वहीत बचत, कर्ज, हप्ता, दंड असे रकाने असतात. आवडीनिवडीचा कुठं नसतो. म्हणून आम्हांला या ॲबाच्या चाहत्यांचा इतिहास तुम्हांला सांगावासा वाटला.

तर पुढं काय झालं? दोन्ही जोड्यांचे संसार मोडले. आग्नेता आणि ब्यॉर्न आधी वेगळे झाले, १९८१ मध्ये फ्रीडा आणि बेनीही. तरी चौघं एकत्र काम करत राहिले. ब्यॉर्ननं संसार मोडल्याच्या दुःखावर गाणं लिहिलं आणि ते गायला दिलं कोणाला, तर आग्नेतालाच. तिनं ते असं गायलं की आजही लोक डोळे पुसतात. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांचा आठवा आल्बम आला. १९८२ च्या शेवटी चौघं एकत्र टीव्हीवर दिसले आणि मग जो तो आपापल्या वाटेला लागला.

मात्र ‘आम्ही थांबलो’ असं त्यांनी कधी जाहीर केलंच नाही. इथंच ती वाट पाहणं सुरू झालं. सासुरवाशिणीला भाऊ न्यायला येतो की नाही कळत नाही, पण ‘येणार नाही’ असाही निरोप नसतो, मग ती रस्त्याकडं बघत राहते, तसं. दरवर्षी कोणीतरी विचारायचं, पुन्हा एकत्र येणार का? दरवर्षी उत्तर नाही. २००० साली तर शंभर कोटी डॉलर देऊ केले होते, कार्यक्रमांचा दौरा करा म्हणून. चौघांनी नको म्हटलं.

मधल्या काळात गाणी जिवंत कोणी ठेवली? ऐकणाऱ्यांनी. नेदरलँड्समध्ये रोझेनडाल गावात चाहत्यांचं मंडळ १९८६ पासून आहे. ॲबा थांबल्यावर चार वर्षांनी सुरू झालेलं, बघा! अंक काढायचा, देशोदेशीच्या चाहत्यांना पाठवायचा, वर्षातून एकदा जमायचं, नाचायचं. नवं काही येणार नव्हतं तरी. १९९२ मध्ये जुन्या निवडक गाण्यांचा संच निघाला. ब्रिटनमध्ये तो इतका खपत राहिला की २०२१ मध्ये विक्रीच्या यादीत एक हजार आठवडे पूर्ण करणारा तो पहिला आल्बम ठरला.

आणि मग तीन बाया. ज्युडी क्रेमर नावाच्या निर्मातीनं कित्येक वर्षं ब्यॉर्न आणि बेनीचा पिच्छा पुरवला, तुमच्या गाण्यांवर नाटक करू द्या म्हणून. लेखिका मिळाली कॅथरीन जॉन्सन, दिग्दर्शिका फिलिडा लॉईड. ६ एप्रिल १९९९ रोजी लंडनमध्ये ‘मम्मा मिया’ नाटक सुरू झालं, ब्रायटनच्या विजयाला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी. ग्रीस देशातल्या बेटावर एकटी आई लेक वाढवते, खानावळ चालवते, लेकीचं लग्न ठरतं, आणि मदतीला येतात आईच्या दोन जुन्या मैत्रिणी. बाप कोण हा घोळ आहे त्यात, पण नाटकाचा जीव मायलेकींत आणि मैत्रिणींत आहे. २००८ मध्ये त्याचा सिनेमा झाला, दिग्दर्शन लॉईडबाईंचंच. १९७४ ला शाळेत असलेल्या मुली आता लेकींना घेऊन बघायला आल्या.

२७ एप्रिल २०१८ रोजी एकाएकी निरोप आला की चौघांनी पुन्हा एकत्र येऊन दोन नवी गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. चाहत्यांचा आनंद काय सांगावा! पण ती गाणी काही बाहेर येईनात. आज येतील, उद्या येतील. २०१८ गेलं, २०१९ गेलं, मग करोना आला. त्या दोन वर्षांत आपणही घरात कोंडलेल्या होतो, गटाच्या बैठका बंद, हप्ते थकलेले. तिकडं पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी चाहत्यांना धास्ती होती की आता ही गाणी ऐकायला मिळतात की नाही. चौघंही सत्तरीला टेकलेले किंवा पुढं गेलेले.

२ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झालं. दोन नव्हे, दहा गाणी, पूर्ण आल्बम! दोन गाणी त्याच दिवशी ऐकायला मिळाली, बाकीची ५ नोव्हेंबरला. नाव ‘व्हॉयेज’, म्हणजे समुद्रप्रवास. साध्या कॅसेटवरही तो काढला होता. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यातच त्याचा खप दोन लाखांवर गेला. कितीतरी देशांत तो पहिला आला.

आग्नेता तेव्हा ७१ वर्षांची, फ्रीडा ७६ ला दहा दिवस कमी. आवाज पूर्वीपेक्षा खाली उतरलेले आहेत. काही समीक्षकांनी नाकं मुरडली, हे जुन्या पद्धतीचंच आहे म्हणाले. असेल. चाळीस वर्षं वाट पाहिलेल्या बाईला जुन्या पद्धतीचंच हवं होतं, तिला कोणी विचारलं? त्या आल्बमातलं एक गाणं तर १९७८ साली गायलेलं आहे. तेव्हा बाजूला ठेवून दिलं होतं. आता बेनीनं तेच जुने आवाज ठेवून भोवती नवी वाद्यं वाजवून घेतली. म्हणजे बाकीच्या गाण्यांत सत्तरीतल्या आग्नेता आणि फ्रीडा, आणि मध्येच एका गाण्यात तिशीच्या आसपासच्या त्याच दोघी.

यानंतर नवा आल्बम नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. २७ मे २०२२ रोजी लंडनमध्ये त्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला, त्यात वाजवणारे खरे आणि गाणारे चौघं संगणकानं तयार केलेले, तरुणपणी होते तसे. आदल्या रात्रीच्या खास खेळाला खरे चौघं आले होते. सगळ्या लोकांबरोबर बसून स्वतःचंच तरुण रूप बघत होते.

‘व्हॉयेज’मधल्या एका गाण्याची त्यांच्या वाट्याची कमाई ‘युनिसेफ’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जाते. हे त्यांनी पूर्वीही केलं होतं. जानेवारी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात त्यांनी ‘चिकीतीता’ हे गाणं म्हटलं आणि त्याच्या कमाईत युनिसेफला हिस्सा दिला. पुढं त्यातला पैसा ग्वाटेमाला देशातल्या मुलींच्या कामाला लागला. या गाण्यात एक मैत्रीण दुसऱ्या खचलेल्या मैत्रिणीजवळ बसून तिला धीर देते. आता तेच आपल्या केंद्रावर लावत आहोत. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त आवाज जरा मोठा करा.