ताप्ती लाईनीवरील खोळंबा

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधना जंक्शनाहून जळगावकडे निघालेला लोहमार्ग शहराची वस्ती मागे टाकण्यापूर्वी ज्या उपनगरांच्या जवळून जातो, त्यांपैकी लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा ही नावे खानदेशात इतकी परिचित आहेत की, अमळनेर किंवा शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या खेड्यात ती उच्चारली असता ती कोठली म्हणून कोणी विचारीत नाही. गोडादरा हे एकेकाळचे शेतीवाडीचे गाव. यंत्रमागांच्या आणि साड्यांच्या व्यापाराच्या बळावर वाढलेल्या शहराने ते आपल्यात सामावून घेतले, आणि तापीच्या वरच्या अंगाने आलेल्या मराठी व अहिराणी बोलणाऱ्या कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली. या कुटुंबांचा गावाकडील घराशी, भाऊबंदांशी आणि कुलदैवताशी असलेला संबंध पिढ्यान्‌पिढ्या याच लोहमार्गाने टिकविला. परंतु त्या संबंधाच्या इतिहासात गाडीच्या वेगापेक्षा गाडीच्या खोळंब्यानेच अधिक जागा व्यापली आहे. आपल्याकडे रेल्वेचा इतिहास बहुधा पुलांचा, इंजिनांचा आणि कंपन्यांच्या नफातोट्याचा लिहिला गेला. फलाटावर वळकटीला टेकून बसून राहिलेल्या मुसाफिराचा वृत्तांत लिहिण्याची तजवीज क्वचितच कोणी केली, आणि ही उणीव मला फार दिवसांपासून बोचत आली आहे.

ही वाट रेल्वेच्या कितीतरी आधीची आहे. मोगल अमदानीत सुरत हे साम्राज्याचे बंदर आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या सुभ्याचे ठाणे असल्यामुळे व्यारा, नवापूर, नंदुरबार या क्रमाने तापीच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता काफिल्यांनी गजबजलेला असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या शरदऋतूत याच मार्गाने सुरतेहून बुऱ्हाणपुरास गेला आणि त्याला सुमारे पंधरवडा लागला. १६३० च्या भीषण दुष्काळात पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी याच रस्त्याने गेला, तेव्हा वाटेवरील गावांची जी दैना त्याने पाहिली तिचे वर्णन आजही वाचवत नाही. त्या काळच्या मुसाफिराला उशीर ही कल्पनाच ठाऊक नव्हती असे म्हटले तरी चालेल. कारण नदी उतरल्यावर, चोरांचा बंदोबस्त झाल्यावर किंवा काफिला पुरेसा मोठा जमल्यावर निघावयाचे, हाच जेथे प्रवासाचा नियम, तेथे कोणत्या घटकेशी ताडून उशीर मोजावयाचा? उशीर मोजता येण्यासाठी आधी वेळापत्रक असावे लागते, आणि ते आगगाडीने आणले.

तापीच्या उत्तर तीरावरील उतराणपर्यंत अंकलेश्वरहून पहिली गाडी १८६० मध्ये आली आणि १८६४ मध्ये सुरत मुंबईशी जोडली गेली. तिकडे जी.आय.पी. रेल्वेने भुसावळ गाठले आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. परंतु खानदेशातून सुरतेस थेट जावयाचे तर बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते. आगगाडीने जाऊ म्हणणाऱ्यास मुंबईकडचा वळसा घ्यावा लागे. ही उणीव ताप्ती व्हॅली रेल्वेने भरून काढली. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थेखाली निघालेल्या या कंपनीचा मार्ग १८९८ ते १९०० या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. गाड्या चालविण्याचे काम बी.बी.सी.आय. रेल्वेकडे होते. मार्ग पुरा होत असतानाच छपन्न सालचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, महादुष्काळ गुजरात आणि खानदेश या दोहोंवर कोसळला. ज्या वाटेवर मंडीने पौणेतीनशे वर्षांपूर्वी प्रेते पाहिली होती, त्याच वाटेवरून आता अन्न शोधीत निघालेल्या माणसांना तिकीट काढून बसता येऊ लागले. पोट भरण्यासाठी गाव सोडून गाडीत बसण्याची जी सवय पुढे या प्रदेशाच्या हाडीमाशी खिळली, तिचा आरंभ अशा काळात झाला.

त्या पहिल्या वर्षांतील मुसाफिराला घड्याळाचाही एक अन्याय सोसावा लागे. १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ लागू होईपर्यंत रेल्वेचा सारा कारभार मद्रासच्या वेळेवर चाले, आणि मद्रासची वेळ सुरतेच्या सूर्यापेक्षा सुमारे अर्धा तास पुढे असे. सूर्य पाहून घर सोडणारा शेतकरी आपल्या हिशेबाने वेळेवर पोहोचे आणि स्टेशनाच्या हिशेबाने गाडी निघून गेलेली असे. म्हणून खेड्यातील माणसाने आपल्यापुरता एक शहाणपणाचा नियम केला: सकाळच्या गाडीसाठी आदल्या संध्याकाळी स्टेशनावर जाऊन पडावयाचे. पुढे घड्याळे एक झाली, पण तो नियम राहिला. आणि शहरातील लोकांनी ज्याला अडाणीपणा म्हणून नावे ठेवली, त्या पहाटेच्या गाडीसाठी रात्रभर फलाटावर निजण्याच्या प्रथेत वस्तुतः एका अनुभवाचे सार होते.

परंतु खरा खोळंबा घड्याळातून आलेला नव्हता, तो रुळांतून आलेला होता, आणि त्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतल्यावाचून या मार्गावरील शंभर वर्षांच्या प्रवासाचा अर्थ लागत नाही. उधना ते जळगाव हा सुमारे ३०७ किलोमीटरांचा मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असू शकते. म्हणून पुढील स्टेशनमास्तराची संमती मिळाल्यावर यंत्रातून लोखंडी गोळा काढावयाचा, तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्यासह ड्रायव्हरच्या हाती द्यावयाचा, आणि तो गोळा पलीकडच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघू द्यावयाचा नाही, अशी ती चोख व्यवस्था होती. जिवाच्या सुरक्षिततेसाठी तिला तोड नव्हती, हे मुक्तकंठाने मान्य केले पाहिजे. मात्र समोरासमोरच्या दोन गाड्यांची गाठ ज्या स्टेशनावर ठरलेली असे, तेथे एक गाडी तासभर उशिरा आली की दुसरीलाही तासभर उभे राहावे लागे; ती दुसरी पुढच्या स्टेशनावर तिसरीला थांबवी; आणि मुंबईच्या बाजूस कोठे तरी बिघडलेल्या एखाद्या इंजिनाची शिक्षा दोंडाईच्याच्या फलाटावर बसलेल्या माणसाला, त्याचा त्या इंजिनाशी काडीचाही संबंध नसता, भोगावी लागे. पावसाळ्यात कपाशीच्या काळ्या जमिनीवरील भराव फुगे, मग जागोजाग वेगावर निर्बंध येत. वाफेच्या काळात इंजिनाला पाणी भरण्याचे थांबे होतेच. स्टेशनातील बाजूचे रूळ मालगाड्यांनी अडलेले असले म्हणजे पॅसेंजर गाडी बाहेरच्या सिग्नलापाशीच, सोनगड-नवापूरच्या जंगलपट्टीत, ना पाणी ना सावली अशा स्थितीत उभी केली जाई.

आणि येथेच मला जे सांगावयाचे आहे ते येते. खोळंबा सर्वांच्या वाट्यास सारखा येत नसे. कोणत्या गाडीने कोणत्या गाडीसाठी बाजूस व्हावयाचे याचा अनुक्रम रेल्वेच्या कारभारात ठरलेला असतो, आणि त्या अनुक्रमात मेल व एक्स्प्रेस वर, पॅसेंजर खाली. ज्याच्या तिकिटाला अधिक दाम, त्याला वाट मोकळी. ज्याची गाडी प्रत्येक लहान स्टेशनावर थांबते, आणि म्हणून जी खेड्यातील माणसाच्या खरोखर उपयोगाची, तिने लूपलाईनीत, म्हणजे बाजूच्या रुळावर, जाऊन उभे राहावे, हा दंडक झाला. या अनुक्रमाला वाहतुकीच्या दृष्टीने सयुक्तिक कारणे आहेत, ती मी नाकारीत नाही. पण एकाच वर्गातील माणसांचे तास पिढ्यान्‌पिढ्या स्वस्त मानले गेले, हे सत्य त्या कारणांनी झाकले जात नाही. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत शौचकूपदेखील सर्रास नसत. अशा डब्यात कोंबलेल्या बायकामुलांना दोन-दोन तास गाडी उभी राहिल्यावर काय यातना होत असतील, याची कल्पना वेळापत्रक आखणाऱ्यांनी केली नसावी. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर जे प्रकट लेखन केले, त्याची वेदना याच जातीची होती. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावाने नाहीसा झाला. त्याची माणसे दुसऱ्या वर्गात बसू लागली.

या माणसांनी खोळंब्याशी दोन हात कसे केले? सरकारी दप्तरात याची नोंद सापडणार नाही. ती स्वयंपाकघरात सापडते. खानदेशातील गृहिणीने प्रवासाच्या शिदोरीचा विचार गाडी किती तासांची आहे यावरून कधी केला नाही. ती किती तास रखडू शकेल यावरून केला. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस टिकतात, कळण्याची भाकरी वाळली तरी ठेच्याबरोबर गोड लागते, शेंगदाण्याच्या चटणीला पाणी सुटत नाही, ही सारी विद्या त्या हिशेबातून आली. फिरकीचा तांब्या प्रत्येकाजवळ असे, कारण हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगवेगळे देण्याच्या त्या काळच्या लज्जास्पद रीतीत पाणीपांड्या लहान स्टेशनावर भेटेलच असा भरवसा नव्हता. मुसाफिरखान्यात एकाने सामानापाशी बसावयाचे, दुसऱ्याने घंटेकडे कान ठेवावयाचा, आणि म्हाताऱ्यांनी ओळख काढावयाची, अशी कामाची वाटणी आपोआप होई. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके पडत. ते ठोके ऐकून झोपलेली मुले उठवावयाची, वळकट्या बांधावयाच्या, आणि सिग्नल पडला की फलाटाच्या कडेला जावयाचे. घड्याळ नसलेल्या समाजाने रेल्वेच्याच खुणांवरून रेल्वेचा वेळ वाचावयास शिकून घेतला होता. कोणत्या नात्याने कोण कोणाचा पाव्हणा लागतो याचा उलगडा होता होता सोयरिकींची बोलणी निघावीत, इतका तो सहवास दीर्घ असे.

नवापूरच्या फलाटाचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगले तेव्हा राज्याची सीमा याच स्टेशनातून गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. राज्याने केलेली ही विभागणी तेथे तिष्ठत बसणाऱ्यांनी मात्र कधी मनावर घेतली नाही. मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिल्ली या भाषा तेथे एकाच बाकावर बसून गाडीची चौकशी करीत राहिल्या.

मधल्या काळातील घडामोडी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंजिने आणि डबे मध्यपूर्वेकडे रवाना झाले आणि गाड्या कमी झाल्या. १९४२ मध्ये ताप्ती व्हॅली कंपनी सरकारने घेतली. १९५१ च्या नोव्हेंबरात हा मार्ग पश्चिम रेल्वेत आला. लोकांच्या प्रवासाचे स्वरूप पालटले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. सुरतेत यंत्रमाग वाढत होते, खानदेशात विहिरी आटल्या होत्या, आणि एकट्या पुरुषांमागून कुटुंबे येऊ लागली. तेव्हापासून अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशची आखाजी, दिवाळी आणि श्रावणातील कानबाई या सणांना उधन्याचा फलाट भरून वाहू लागला. कानबाईचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खावयाचे असतात. नागपंचमीनंतरच्या त्या रविवारी गाडी सहा तास रखडली तर रजा घेऊन निघालेल्या कारागिराची मजुरीही बुडते आणि पंगतही. अशा वेळी गोडादऱ्यातील घरांनी जो मार्ग काढला तो मला अत्यंत हृद्य वाटतो: ज्यांना जाणे साधेना त्यांनी कानबाई सुरतेतच बसविली. परमुलखात एका गावदेवतेचे जे सण रुजले, त्यांत रजेच्या टंचाईइतकाच या एकेरी रुळाचाही वाटा असला पाहिजे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरत ओस पडू लागली तेव्हा हेच लोक मिळेल त्या गाडीला लोंबकळून परतले. २०२० च्या टाळेबंदीत तर गाड्याच थांबल्या.

दुहेरीकरणाची मागणी जुनी होती. ते काम विद्युतीकरणासह पुरे झाले, तेही पहिली गाडी धावल्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी. समोरच्या गाडीसाठी तिष्ठणे त्यामुळे संपले. मागून येणाऱ्या वेगवान गाडीसाठी बाजूस होणे संपलेले नाही. करोनानंतर देशभर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे नाव देऊन किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये करण्यात आले, ते २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्ववत झाले. पण नाव चढविल्याने वाट मोकळी होत नाही. कायद्याच्या बाजूस मात्र एक मोलाची गोष्ट घडली. गाडीच्या विलंबाबद्दल रेल्वेवर दायित्व नाही असे कलम रेल्वेच्या भाडेनियमांत होते. अजमेरहून जम्मूस जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचून पुढचे विमान चुकलेल्या एका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी निकाल दिला की, विलंबाचे कारण आपल्या आवाक्याबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, अन्यथा भरपाई द्यावी. प्रवाशाचा वेळ मौल्यवान आहे हे त्या निकालाने मान्य केले. आरक्षित तिकिटाच्या प्रवाशाला गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास प्रवास न करता पूर्ण पैसे परत मागता येतात. साध्या तिकिटावर शिंदखेड्यास निघालेल्या यंत्रमाग कामगारापर्यंत अशा सवलतींचा लाभ व्यवहारात पोहोचत नाही.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक स्टेशनमास्तराजवळ तक्रारवही असते. गाडी रखडली आणि कारण सांगितले गेले नाही, तर ती मागून घ्यावी आणि आपली कैफियत तारीखवार, आपल्या भाषेत, तीत लिहावी. आणि ज्यांच्या घरी सुरतेची वाट तुडविलेले वडीलधारे अद्याप आहेत, त्यांनी त्यांच्याकडून या प्रवासाच्या हकिकती विचारून यंदाच्या कानबाईपूर्वी कागदावर उतरवून ठेवाव्यात.